चौतीस नंबरवरचा मान्यताप्राप्त कॅमेरा

आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या बेसमेंटमध्ये चौतीस नंबरच्या पार्किंगला लागून एक खांब आहे. पाणी झिरपून त्या खांबावर एक पिवळट डाग पडला आहे. तो डाग कुणी पुसू नये, त्यावर रंग मारू नये, म्हणून मी नातुराला, म्हणजे इथल्या वॉचमनला, अधूनमधून चहा पाजत असे. कारण गाडी मागे घेताना तो डाग आरशात दिसला की स्टेअरिंग पूर्ण फिरवायचं, डाग आरशातून गेला की सरळ करायचं, आणि मग डोळे मिटून मागे यायचं, अशी आमच्या हेमाची पद्धत होती.

हेमा म्हणजे माझी बायको. तिला लायसन्स कितव्या परीक्षेत मिळालं हे मी सांगणार नाही, तशी मला ताकीद आहे. एवढंच सांगतो की शेवटच्या परीक्षेपर्यंत परीक्षक तिला नावाने ओळखायला लागले होते आणि ती पास झाली तेव्हा तेही थोडे हळवे झाले. रस्त्यावर ती झकास चालवते. शारजाच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मी देवाचं नाव घेतो, तिथे ती भाजीचा विचार करत असते. पण गाडी कुठे लावायची म्हटली की तिच्या तळहातांना घाम फुटायचा. अख्ख्या अमिरातीत तिला गाडी लावता येईल अशी एकच जागा होती आणि ती आमच्या भाडेकरारात लिहिलेली होती.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. त्यातच हेमाला हमरिया फ्री झोनमध्ये मसाले पॅक करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीच्या खात्यात नोकरी लागली. सान्वी झाली तेव्हा सोडलेली नोकरी, सान्वी आम्हाला इंग्रजीत उलट बोलू लागल्यावर परत मिळाली. गाडी तिच्याकडे गेली. मी दुबईत अल मनखूलला एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघतो, तिकडे कारलिफ्टने जाऊ लागलो, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर मधोमध बसून. पण त्याचं मला काही वाटत नव्हतं. हेमा संध्याकाळी घरी यायची ती धण्याचा वास घेऊन आणि गुणगुणत. तिला मी इतकं खूश फार वर्षांत बघितलं नव्हतं. प्रोबेशन संपून एकदा कन्फर्म झाली की आपण पेढे वाटू, असं आमचं ठरलं होतं.

आणि एका संध्याकाळी चौतीस नंबरमध्ये एक पांढरी गाडी उभी होती.

आता या देशात 'पांढरी गाडी' असं वर्णन करणं म्हणजे काहीच न सांगणं. हेमाने आपली गाडी होती तिथेच, भर वाटेत थांबवली, चारही इंडिकेटर लावले आणि मला फोन केला, "अहो, खाली या. आपल्या जागेत कुणीतरी आहे." मी आमटीला फोडणी देत होतो. तसाच, बर्म्युडा आणि बनियनवर, हातात पळी घेऊन लिफ्टने खाली गेलो. हेमाच्या मागे रॅम्पवर, वर रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग लागली होती. सगळे हॉर्न वाजवत होते आणि मागून कुणीतरी "यल्ला, यल्ला!" असं ओरडत होतं. मी पळी हेमाच्या हातात दिली, स्टेअरिंगवर बसलो आणि गाडी बाहेर काढून बिल्डिंगमागच्या रेतीच्या प्लॉटवर लावली. परत आलो तेव्हा लिफ्टमध्ये सान्वी तिच्या मैत्रिणींबरोबर होती. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बाबा, प्लीज. आय डोन्ट नो यू."

हा रेतीचा प्लॉट म्हणजे हेमाच्या दृष्टीने यमलोक होता. तिथे रेघा नाहीत. टँकर, पिकअप, लेबरच्या बसेस, जो येईल तो त्याला सुचेल तशी गाडी लावतो. "रेघाच नाहीत, तर गाडी कशाच्या आत लावायची?" असं ती विचारायची.

पांढरी गाडी रोज येती तरी परवडलं असतं. ती कधी यायची, कधी नाही. त्यामुळे हेमाला दुपारपासूनच धास्ती वाटू लागली. हळदीच्या सॅम्पलमध्ये तिला आमचा खांब दिसू लागला. एके दिवशी तिने डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "मी राजीनामा देते. माझ्यामुळे रोज तुमचं हसं होतंय."

मला फार वाईट वाटलं. हसं माझं होत होतं हे खरं आहे, पण ते काही नवीन नव्हतं. जिची नोकरी इतक्या वर्षांनी उभी राहिली ती एका फडतूस पांढऱ्या गाडीपायी सोडायची? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "हेमा, राजीनामा द्यायचा नाही. ती गाडी मी पकडून देतो." मराठी माणसाने छातीवर हात ठेवून काही बोलू नये. पुढचं त्याच्या हातात राहत नाही.

मी शब्द दिल्याची बातमी बिल्डिंगमधल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर सान्वीमार्फत पोचली आणि सल्ले सुरू झाले. नवव्या मजल्यावरचा अनिल इन्शुरन्समध्ये आहे. त्याने पाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवला. त्याचा सारांश असा, की काचेवर नम्र चिठ्ठी लावावी, पण तीत 'माझी जागा' असं न म्हणता 'सदर जागा' असं म्हणावं, म्हणजे पुढे कोर्टात बरं पडतं. आमच्याच मजल्यावर बाबाजी राहतो. तो देवगडचा, कंपनीच्या फ्लॅटमध्ये चौघांबरोबर असतो आणि साइटवर स्कॅफोल्डिंगचा फोरमन आहे. तीस मजल्यांवर पाइप चढवणारा माणूस, त्यामुळे जमिनीवरच्या कुठल्याही अडचणीला तो अडचण मानत नाही. तो म्हणाला, "चिठ्ठी कित्याक व्हयी? चारय टायरांतली हवा काढ. खलास."

मी सभ्य माणूस आहे. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरणाऱ्या संस्कृतीत मी वाढलो. तेव्हा सकाळी हेमा निघाल्यावर मी चौतीस नंबरच्या मधोमध घरातलं प्लास्टिकचं स्टूल ठेवून आलो. आपल्याकडे टाकलेला रुमाल उचलून कुणी बसत नाही, बसलाच तर शेजारचे चार लोक त्याला उठवतात. संध्याकाळी बघतो तर पांढरी गाडी जागेवर, स्टूल खांबाला टेकवून ठेवलेलं आणि त्यावर करक चहाचा, म्हणजे इथल्या दाट दुधाळ चहाचा, रिकामा कागदी पेला. म्हणजे तो गाडी तर लावत होताच, वर माझ्या स्टुलावर बसून चहाही पीत होता. माझा फार अपमान झाला. मी मोबाइल काढला, नंबर प्लेट स्पष्ट येईल असा फोटो घेतला आणि दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा काढून मॅनेजमेंटच्या ऑफिसात गेलो.

ऑफिस पहिल्याच मजल्यावर आहे आणि तिथे हाफिजा मॅडम बसतात. बाई गोड बोलतात. त्यांच्याकडून नकार घेऊन बाहेर पडलं तरी थोडा वेळ काम झाल्यासारखंच वाटतं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि मान हलवली.

"नागेश सर, ये तो मोबाइल का फोटो है."

"हां मॅडम. लेकिन नंबर साफ दिखता है."

"नंबर तो दिखता है. लेकिन कम्प्लेंट के लिए अप्रूव्ह्ड डिव्हाइस का फोटो चाहिए. न्यू रूल है. पहले लोग एक दूसरे के पुराने पुराने फोटो भेजते थे. एक साहब ने अपने साले की गाडी का फोटो भेजा, साला तो दो साल पहले इंडिया चला गया था."

मी विचारलं, "मग बिल्डिंगचे कॅमेरे आहेत ना जागोजागी?" अर्थात हिंदीत विचारलं. मॅडम म्हणाल्या, ते कॅमेरे सिक्युरिटीसाठी आहेत. ते पार्किंग बघतात, पण पार्किंगसाठी बघत नाहीत. वाक्य ऐकायला बरोबर वाटत होतं.

"और हमारा पार्किंग इन्स्पेक्टर है ना," मॅडम म्हणाल्या, "वीक में तीन चार दिन शाम को राउंड लेता है. उसके पास अप्रूव्ह्ड डिव्हाइस है. उसकी रिपोर्ट में चौतीस नंबर पर कभी कोई राँग गाडी नहीं दिखी. आप को ही दिखती है."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. मी जहाजावरच्या मालाच्या कागदात, बिल ऑफ लेडिंगमध्ये, एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी पकडणारा माणूस, मला भास होतात? मी म्हणालो, "ठीक है मॅडम. मी अप्रूव्ह्ड डिव्हाइस लावतो. रूल द्या." त्यांनी रूल दिला. खरं सांगतो, तो वाचून माझा राग निवळला. नियम नीट लिहिलेला असला की मला त्याच्याबद्दल आदर वाटतो, आणि हा तर दागिन्यासारखा घडवलेला होता. कॅमेरा पक्का बसवलेला हवा, हाताने हलता कामा नये. त्याचं घड्याळ स्वतःहून बरोबर राहायला हवं. प्रत्येक फोटोला क्रमांक हवा. फोटो दोन हवेत, एक जवळून, ज्यात नंबर वाचता येईल, आणि एक लांबून, ज्यात गाडीच्या आजूबाजूची परिस्थिती समजेल. मात्र त्या परिस्थितीत दुसऱ्या कुणाची गाडी, दार, खिडकी किंवा चेहरा येता कामा नये. म्हणजे परिस्थिती दिसली पाहिजे, पण परिस्थितीत कुणी असता कामा नये.

कॅमेरा बसवणार मान्यताप्राप्त कंपनीच. तिच्याकडून रेहान नावाचा तरणा मुलगा आला. हातात लेझरचं मोजमापाचं यंत्र, कमरेला पट्टा. त्याने चौतीस नंबरमध्ये गुडघ्यावर बसून लाल ठिपका इकडेतिकडे फिरवला आणि सर्जन बाहेर येऊन नातेवाइकांशी बोलतो तसा उठून माझ्याशी बोलला.

"सर, पिलर में ड्रिल अलाऊड नहीं. बिल्डिंग का स्ट्रक्चर है."

"मग छताला?"

"छत पे फायर के पाइप हैं. उस को टच नहीं करना."

"समोरच्या भिंतीला?"

समोरची भिंत पस्तीस नंबरच्या डोक्यावर येत होती. पस्तीस नंबर इनाया मॅडमचा. त्यांची परवानगी काढायला मी केकचा डबा घेऊन गेलो. त्यांनी केक घेतला आणि परवानगी नाकारली. त्यांचं म्हणणं, त्यांची गाडी आठवड्यातून एकदाच धुतली जाते आणि उरलेले दिवस ती कॅमेऱ्यासमोर येण्याच्या अवस्थेत नसते. बाईंचं चुकत नव्हतं. मलाही घरी बनियनवर असताना कुणी फोटो काढलेला आवडत नाही.

दरम्यान काम सुरू झालंय म्हणून हाफिजा मॅडमनी चौतीस नंबरला 'साइट' जाहीर केलं. पिवळी फीत आली, नारिंगी कोन आले. आता तिथे कुणीच गाडी लावायची नाही, म्हणजे आम्हीसुद्धा नाही. सान्वी म्हणाली, "बाबा, जस्ट कीप द कोन्स. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड." मी तिला समजावलं की कोन फक्त काम चालू असताना ठेवता येतात, काम संपलं की काढावे लागतात. ती म्हणाली, "देन डोन्ट फिनिश." हल्लीच्या मुलांना तत्त्व म्हणून काही नसतं.

हेमाला मात्र रोज रेतीच्या प्लॉटवर गाडी लावायची वेळ आली. पहिला आठवडा तिचा रोज फोन यायचा आणि मी रोज खाली जायचो. मी तिला म्हणायचो, "थोडे दिवस कळ काढ. इन्शाल्ला, महिन्याभरात चौतीस नंबर पुन्हा तुझा." ती मान डोलवायची. पुढे माझ्या संध्याकाळी रेहानबरोबर जाऊ लागल्या आणि तिचा फोन येईनासा झाला. मला वाटलं, बिचारी मला त्रास नको म्हणून कुठेतरी लांब, मोकळ्यावर गाडी सोडून चालत येत असेल. या विचाराने माझा निश्चय आणखी पक्का झाला. कंपनीचं कोटेशन आलं तेव्हा हेमाने दिरहमचे रुपये मोठ्याने करून बघितले आणि ती खुर्चीत बसली. मी म्हणालो, "अगं, हे सगळं तुझ्यासाठी आहे." ती म्हणाली, "ते दिसतंय मला."

खांब नाही, छत नाही, भिंत नाही. रेहान म्हणाला, आता एकच मार्ग, कॅमेऱ्याला बिल्डिंगला न चिकटणारा स्वतंत्र सांगाडा हवा. हे ऐकून बाबाजीचे डोळे चमकले. इतके दिवस त्याच्या सल्ल्याला कुणी विचारत नव्हतं, आता सगळा प्रश्नच त्याच्या खात्यात आला होता. "सांगाडो? अरे कंपनीत पाइप पडले हत, साहेब माका नाय म्हणूचो नाय," तो म्हणाला. सुट्टीच्या दिवशी तो तीन माणसं, पिकअपभर पाइप आणि पोटभर उत्साह घेऊन उतरला. जेवायच्या आत चौतीस नंबरमध्ये चार पायांचा, आडव्यातिडव्या पाइपांनी आवळलेला, छताच्या वीतभर खाली थांबणारा मनोरा उभा राहिला. त्यावर बाबाजीने 'वापरास सुरक्षित' अशी हिरवी पाटीसुद्धा अडकवली. एका कॅमेऱ्यासाठी एवढं कशाला, असं मी विचारलं. बाबाजी दुखावला. "उद्या भूकंप इलो तर ही बिल्डिंग पडात, पण तुझो कॅमेरो पडूचो नाय," तो म्हणाला.

यापुढे जे झालं ते एकदम झालं नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. एकेक वस्तू आली तेव्हा जागा उरलेली होती. जवळचा कॅमेरा सांगाड्याच्या पुढच्या पायावर बसला. लांबच्या कॅमेऱ्याला अंतर हवं होतं, पण समोरच्या वाटेत काही उभं करायला बंदी, म्हणून तो पार मागच्या टोकाला गेला. फोटो साठवायचं यंत्र कुलपाच्या, हवेशीर कपाटात हवं होतं, म्हणून कपाट आलं. वीज गेली तर घड्याळ चुकू नये म्हणून बॅटरी आली. 'येथे चित्रीकरण चालू आहे' अशी अरबी आणि इंग्रजी पाटी आली, तिला तिचा स्वतंत्र खांब. शेवटी रेहानने नियमातलं एक कलम दाखवलं, की उपकरणाला वाहनाचा धक्का लागण्याची शक्यता असेल तर संरक्षक अडथळा हवा. पार्किंगच्या जागेत वाहन येण्याची शक्यता असतेच, हे मला पटलं. म्हणून तोंडाशी दोन पिवळेकाळे लोखंडी खुंट बसवले. ते खाली जमिनीत मारायला परवानगी होती, याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला.

रेहानने हात झटकले. "परफेक्ट, सर. अब टेस्ट के लिए गाडी लगाइए."

आम्ही सगळ्यांनी चौतीस नंबरकडे बघितलं. बाबाजीने बघितलं, त्याच्या माणसांनी बघितलं, मी एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने बघितलं. मग बाबाजी हळूच म्हणाला, "सायकल रवात."

सान्वीची जुनी सायकल आणून दोन खुंटांमधून तिरकी आत सरकवली. दोन्ही कॅमेऱ्यांनी तिचे क्रमांकित, वेळेचा शिक्का असलेले, परिस्थितीसह फोटो काढले. परिस्थितीत कुणी नव्हतं. हाफिजा मॅडमनी दोन दिवसांत मान्यतेचं पत्र दिलं आणि कोन काढून नेले. माझ्या मनात शंका आली नव्हती असं नाही. पण चार महिने एखाद्या कामात घातले की शंका बाहेर बोलून दाखवायची हिंमत उरत नाही. त्या संध्याकाळी हेमाने खाली येऊन मनोऱ्याला एक फेरी मारली, हिरवी पाटी वाचली आणि म्हणाली, "छान झालंय." तिच्या स्वरात मला काहीतरी वेगळं जाणवलं. पण माझं लक्ष बॅटरीकडे होतं.

मान्यता मिळाली म्हटल्यावर बाबाजी नारळाशिवाय ऐकणारा नव्हता. सोमवारी संध्याकाळी साइटवरून येऊन, अंघोळ करून, तो कपाळाला गंध लावून खाली आला. मी उपकरणाला हळदकुंकू वाहिलं. हळद हेमाच्या कंपनीची. हेमा म्हणाली होती की तिला ऑफिसात जरा काम आहे, तुम्ही उरकून घ्या. रेहान होता, हाफिजा मॅडमही घरी जाता जाता थांबल्या होत्या, आणि अनिल मोबाइलवर व्हिडिओ घेत होता, जो अर्थातच मान्यताप्राप्त नव्हता. बाबाजीने हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या नागेशान तुझ्या पायाशी जो कॅमेरो उभो केलेलो आसा, त्येच्या दोनय डोळ्यांक कोणाची नजर लागू नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्याची तिन्ही माणसं म्हणाली. रेहानही म्हणाला.

"आणि जो कोण परक्याच्या जाग्यार गाडी लावता, तो आसात थंयसून हय येवंदे, आणि त्याचो नंबर स्वच्छ दिसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि रॅम्पवरून एक पांढरी गाडी उतरली. ती डावीउजवीकडे न बघता सरळ चौतीस नंबरकडे वळली आणि लोखंडी खुंटांसमोर कचकन ब्रेक लावून थांबली. बाबाजीचे हात जोडलेलेच राहिले. मला वाटतं, त्याच्या आयुष्यात देव इतक्या लगेच कधी पावला नव्हता.

गाडीतून एक सडपातळ गृहस्थ उतरले. अंगात चमकणारं जाकीट, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला जाडजूड काळा कॅमेरा, हातात करक चहाचा पेला. हाफिजा मॅडम एकदम म्हणाल्या, "अरे, फहद? दूसरी बिल्डिंग की चार महीने की ड्यूटी खतम?" आणि माझ्याकडे वळून, सवयीने, ओळख करून दिली, "सर, ये हमारा पार्किंग इन्स्पेक्टर."

मी नारळ हातात धरून नुसता उभा राहिलो. फहद मनोऱ्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"मॅडम, ये क्या हो गया मेरी जगह को?"

"आपकी जगह?" मी ओरडलो. माझा आवाज बेसमेंटभर घुमला.

फहद अजिबात उद्धट नव्हता, हेच वाईट होतं. त्याने समजावून सांगितलं. राउंडला येताना गाडी कुठे लावायची हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्या वेळेला ही जागा नेहमी मोकळी असायची. "और एक दिन देखा तो किसीने स्टूल भी रखा था," तो म्हणाला, "मैं समझा मॅनेजमेंट ने स्टाफ के लिए रखा है. बहुत आराम हुआ सर. सच में. सारा दिन खडे रहने का काम है." त्याच्या रिपोर्टमध्ये चौतीस नंबरवर परकी गाडी कधी का दिसली नाही, हे आता उघड होतं. स्वतःच्या गाडीला तो परकी कशी म्हणणार?

मी रेहानकडे धावलो. "रेकॉर्ड हुआ? नंबर आया?"

रेहानने कपाट उघडून पडदा बघितला. "नंबर एकदम क्लिअर है, सर. दोनों फोटो आए हैं. लेकिन गाडी लाइन के बाहर खडी है. अंदर आई ही नहीं. वायलेशन नहीं बनता."

"अंदर येणार कशी? आत जागा कुठे आहे?"

"वही तो," रेहान म्हणाला.

एवढ्यात फहदने आपला पेला खुंटावर ठेवला, चार पावलं मागे गेला आणि गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला. एक फोटो जवळून काढला, एक लांबून. मी विचारलं, हे काय? तो ओशाळून म्हणाला, "सॉरी सर. पार्किंग में गाडी के सिवा दूसरा सामान रखना मना है. मैंने देख लिया तो लिखना पडेगा. ड्यूटी है." हाफिजा मॅडमनी जड अंतःकरणाने मान डोलावली. नियम त्यांनाही पाठ होता. नोटीस तिथल्या तिथे माझ्या मोबाइलवर आली. जवळच्या फोटोत मनोरा होता. लांबच्या फोटोत परिस्थिती म्हणून मी होतो, हातात नारळ घेऊन. मनोरा आठवड्यात हलवायचा होता.

बाबाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माका वाटता, टायराची हवा काढूक व्हयी होती." मी नारळ त्याच्याकडे दिला आणि जिन्याने वर चालत गेलो. लिफ्टमध्ये कुणी भेटलं असतं तर मला रडू आलं असतं. हेमाला काय सांगायचं? इतके पैसे, इतके महिने, आणि जी एक जागा तिला जमत होती तीसुद्धा मी स्वतःच्या हाताने बुजवून टाकली. आता ती राजीनामा देणार, आणि या वेळी मला छातीवर हात ठेवायचीसुद्धा सोय नव्हती. निदान आज तरी तिला एकटीला त्या प्लॉटवर झगडू द्यायचं नाही, असं ठरवून मी बिल्डिंगच्या मागे गेलो.

रेतीचा प्लॉट खच्चून भरला होता. एक पाण्याचा टँकर आणि एक भाजीचा पिकअप यांच्यामध्ये तेवढी एक फट उरली होती. मी त्या फटीत जाऊन उभा राहिलो, म्हणजे जागाही धरली जाईल आणि हेमाला दिशाही दाखवता येईल. टँकरच्या सावलीत दोन ड्रायव्हर पान खात बसले होते. ते माझ्याकडे नवलाने बघत होते. तेवढ्यात आमची गाडी आली. मी दोन्ही हात वर करून, आपल्याकडे करतात तसा, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" असा पुकारा सुरू केला.

एक ड्रायव्हर म्हणाला, "भाईसाब, आप हट जाओ. मॅडम रोज एक बार में लगाती है."

दुसरा म्हणाला, "परसों मेरा टँकर भी मॅडम ने बोल बोल के निकलवाया."

मला ते समजायला वेळ लागला. मी हात वर केलेले तसेच ठेवून उभा होतो. हेमाने गाडी थांबवली, काच खाली केली आणि मान बाहेर काढली. धण्याचा वास माझ्यापर्यंत आला. ती इतकी आनंदात होती की मला काही सांगायचं आहे हेच मी विसरलो.

"अहो, मी कन्फर्म झाले!" ती म्हणाली. "आजच लेटर दिलं. वर येऊन सांगणार होते. आणि तुम्ही जरा बाजूला व्हा बघू, माझ्या जागेत उभे आहात."

मी बाजूला झालो. गाडी एका दमात आत गेली.